आत्या आमच्या घरी वारल्या नाहीत

सकाळी फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. ज्येष्ठांच्या संकुलातून व्यवस्थापक बोलत होते, आवाज नेहमीसारखा मऊ. "मॅडम, आपल्या आजी झोपेतच गेल्या. अगदी शांतपणे." विलास, म्हणजे माझे पती आणि आत्यांचा एकुलता एक मुलगा, आरशासमोर दाढी करत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी गालावरचा फेस पुसला आणि ते म्हणाले, "गावाकडं कुणाला फोन करू नकोस. आधी तिला घरी आणू." मी म्हणाले, "बरं." आत्या गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द तो… बरं. गेले काही आठवडे मी त्या शब्दापाशीच अडकून बसले आहे.

घरी आणू म्हणजे काय, ते आता स्पष्टच लिहिते. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्या गेली तीन वर्षं बारामतीबाहेर, मोरगाव रस्त्याला असलेल्या त्या संकुलात राहत होत्या. गावाला, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या आमच्या निमगाव केतकीला, आम्ही सांगितलं होतं की त्या बारामतीत आमच्या फ्लॅटवर असतात. तेव्हा त्यांचं मरणही आमच्या फ्लॅटवरच व्हायला हवं होतं. आम्ही भाड्यानं केलेली अँब्युलन्स संकुलाच्या मागच्या फाटकाला लावली. तिथला नियमच तसा आहे, बाकीच्या ज्येष्ठांच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून. आम्हाला तो नियम फार सोयीचा पडला. आत्यांना गाडीत ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या निर्मलाताई गुडघ्यावर हात दाबत, जवळजवळ पळतच आल्या. हातात वाटी, वाटीत पाणी आणि तुळशीचं पान. "थांबा, एक मिनिट थांबा, तिच्या तोंडात एवढं…" विलास म्हणाले, "उशीर होतोय हो ताई." आणि गाडीचं दार मी लावलं. विलासनी नाही, ड्रायव्हरनं नाही. मी.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. मग सतरंजीची झोळी करून ड्रायव्हर, वॉचमन आणि विलास यांनी आत्यांना जिन्यानं वर नेलं. मी पुढं चालत होते, दारं उघडून कुणी डोकावतं का ते बघत. हॉलमध्ये त्यांना ठेवलं, डोक्याशी दिवा लावला, आणि मगच गावाला फोन गेला. "आई गेली. हितंच, आमच्या घरी. झोपेतच." माझ्या नवऱ्याचा आवाज तेव्हा खरोखर फुटला होता, हेही लिहिलं पाहिजे. ते रडत होते आणि खोटं बोलत होते, दोन्ही एकाच वेळी. थोड्या वेळानं, गावाला न्यायला, त्याच सतरंजीतून आत्या खाली आल्या. जिवंतपणी ज्या जिन्याला त्या घाबरायच्या, त्याच जिन्यावरून मेल्यावर आम्ही त्यांना चढवलं आणि उतरवलं. कशासाठी? एका पत्त्यासाठी. आई मुलाच्या घरी गेली, असं चार लोकांनी म्हणावं एवढ्यासाठी.

आत्यांचं नाव हौसाबाई. निमगावला त्यांचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, उसाचं बघायचे आणि पानमळा सगळा आत्यांचा. वेलींच्या सावलीत त्या दिवसभर वाकून पानं खुडायच्या, आणि उन्हं कलली की हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन निघायच्या. कुठं? तर "भेटून येते." गावात कुणाचा पाय मोडलेला असायचा, कुणाची सून माहेराहून आलेली, कुणाच्या घरी म्हातारं अंथरुणाला खिळलेलं. हे भेटून येणं त्यांच्यासाठी भाकरी करण्याइतकं नेमाचं होतं. पदराच्या गाठीत चार चांगली पानं बांधलेली असायची. तिथं जाऊन काय करायच्या? काही नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायच्या, पान द्यायच्या, थोडी टिंगल करायच्या. "काय तात्या, झोपायचं निमित्तच घावलं म्हना की तुमाला!" म्हातारा हसायचा आणि उठून बसायचा. माझ्या मुलाच्या वेळी मी बारामतीच्या दवाखान्यात होते, तेव्हा एसटी चुकली म्हणून त्या दुधाच्या गाडीत पुढं बसून आल्या होत्या. माझ्या आईच्या आधी पोचल्या.

मामा गेले, आणि त्यानंतर एका पावसाळ्यात आत्या मळ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि अर्थातच आम्ही त्यांना बारामतीला आणलं. अर्थातच. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, विलास एमआयडीसीत, मुलगा शिकायला बाहेरगावी. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडलो की घरात आत्या आणि टीव्ही. त्या एकदा काठी टेकत जिन्यापर्यंत गेल्या आणि पायरीवर बसून राहिल्या, तेव्हापासून आम्ही जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो. त्यांच्या भल्यासाठी. हे मी कुणाला आजवर सांगितलेलं नाही. खाली भाजीवाला आला की त्या गॅलरीतून त्याच्याशी बोलायच्या, काही घ्यायचं नसताना भाव विचारायच्या. भाजीवाला एकदा मला म्हणाला, "आजी लई बोलत्यात तुमच्या, पन खाली कधी येत न्हायती." मी हसून वर आले.

एके दिवशी मी कुलूप काढून आत गेले, तर आत्या दाराशीच खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "मला मानसात ठेव गं. कुठंबी ठेव, पन चार मानसं दिसतील असं." त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं, हात जोडूनही नाही. मीठ आण म्हणावं तसं. मी चौकशी केली आणि संकुल सापडलं. आधी बघायला म्हणून त्यांना घेऊन गेले. बैठ्या खोल्यांची ओळ, पुढं लांब ओसरी, ओसरीत काही बायका वाटाणे सोलत बसलेल्या. आत्या काठी टेकत ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, एकीच्या परातीतला वाटाणा उचलून तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "ही तर कॉलनी हाय की गं! मला वाटलं दवाखाना." त्या जागेला मग त्या कायम कॉलनीच म्हणाल्या. म्हणजे कुणी आत्यांना टाकलं नव्हतं. बाईनं स्वतः जागा बघितली, पसंत केली आणि राहायला गेली. एवढी साधी, सरळ, सांगण्यासारखी गोष्ट होती ती. तिला काळं फासलं ते आम्ही.

"गावात हे कळता कामा नये," विलास त्याच संध्याकाळी म्हणाले. का, तर लोक काय म्हणतील. मी वाद घातला असता, पण पुढचं वाक्य त्यांनी नेमकं टाकलं: "मला कोण काही म्हणणार नाही, सुनेनं बाहेर काढली असंच म्हणतील. तुझंच नाव जाईल." आणि ते खरं होतं, याचा मला आजही संताप येतो. आई मुलाची, घर मुलाचं, पण म्हातारी बाहेर गेली की बोट सुनेकडं. मुलाला कुणी विचारत नाही की बाबा, तू घरी किती वाजता येतोस, आईला कधी न्हाऊ घातलंस का. पण संताप करून मी काय केलं? माझं नाव वाचतंय म्हटल्यावर गप्प बसले. खोटं त्यांनी सुरू केलं असेल, ते चालवलं मी.

आणि चालवायला लागायचं. निमगावचं माणूस दवाखान्याला, कोर्टाला, खरेदीला बारामतीत येणार आणि येणार. आलं की फोन, "वहिनी, म्हातारीला जरा भेटून जातो." मग आत्या कधी नाशिकला त्यांच्या नणंदेकडे गेलेल्या असायच्या, कधी डॉक्टरांनी गर्दी नको म्हणून सांगितलेलं असायचं, कधी आम्हीच बाहेर असायचो. हळूहळू फोन कमी झाले. मला वाटलं, सुटले.

दिवाळीला आणि गावच्या जत्रेला आम्ही त्यांना गाडीत घालून गावी न्यायचो. इंदापूर रस्त्याला लागलं की मी मागं वळून उजळणी घ्यायचे. "आत्या, कुणी विचारलं तर…"

"एकुलत्या लेकाकडं असते. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट हाय. सून सकाळी उपीट करती," आत्या डोळे मिटून म्हणायच्या. "अजून काय? मी काय दहावीला बसलेय व्हय गं?"

विलास म्हणायचे, "आई, चेष्टा नको."

"चेष्टा मी करतेय का तुमी?"

पण गावात पोचल्यावर आत्या आमची बाजू अशी लढवायच्या की ऐकत राहावं. माझ्या हातच्या, मी कधीच न केलेल्या उपिटाचं कौतुक त्या भावकीत बसून करायच्या आणि माझी नजर चुकवायच्या.

खोटं बोलणारे आम्हीच एकटे होतो असंही नाही. त्या संकुलात रविवारी गेलं की कळायचं. छान कपडे घातलेली मुलं-सुना यायची, फळं ठेवायची, फोटो काढायची आणि "आईची मस्त सोय झालीय" असं एकमेकांना सांगत गाड्यांकडं निघायची. सोय! हा शब्द मी पण किती वेळा वापरला… आत्यांच्या ओळीत सुलभाताई म्हणून एक होत्या. त्यांच्या मुलानं नातेवाइकांत सांगितलं होतं की आई अमेरिकेत मुलीकडं असते. त्यामुळं सुलभाताईंना फोनवर अमेरिका बोलावी लागायची. मोरगाव रस्त्याच्या उन्हात, अंगावर पंखा घेऊन ती बाई भाच्याला सांगायची की इकडं फार थंडी आहे. शेजारी आत्या बसलेल्या. त्या कोपरानं ढोसायच्या, "बरफ पडलाय म्हन की. बरफ सांगायचा राहिला." सुलभाताई फोनवर हात ठेवून हसायच्या, आणि फोन ठेवला की रडायच्या. आत्या पाणी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पी. लांबनं आलीस, दमली असशील." मी हा प्रसंग डोळ्यांनी बघितला आणि घरी येऊन विनोद म्हणून सांगितला. आम्ही दोघं जेवताना हसलो होतो.

पण सगळ्यात वाईट जे केलं ते यापुढचं आहे. गावाला मी सांगायचे की आत्या भेटू शकत नाहीत. आणि आत्या विचारायच्या, "गावाकडनं कुनी येत न्हाय का गं?" तेव्हा त्यांना मी काय सांगायचे? "सगळे कामात आहेत, आत्या. उसाची तोडणी चालू आहे." पुढच्या वेळी, "लागणी चालू आहेत." त्याच्या पुढच्या वेळी, "लग्नसराई आहे." जिनं साऱ्या गावाच्या उशाशी बसून दुखणी हलकी केली, तिला मी सांगत राहिले की गावाला तुमच्यासाठी वेळ नाही. आत्या "व्हय, कामं असत्यातच" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. त्यांना सगळं कळत होतं, का माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या गावावर रुसल्या होत्या, हे मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दोन्हीपैकी कुठलंही खरं असलं तरी मी सुटत नाही.

गावाला अंत्यसंस्कार झाले, मळ्याच्या कडेला, मामांच्या शेजारी. मग दहावा. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात, हे बाहेरच्यांना कदाचित विचित्र वाटेल. ओढ्याकाठी मांडव, माइक, आणि तालुक्यातल्या वक्त्यांची रांग. त्यातल्या एकांची हयातच दहाव्याला बोलण्यात गेली आहे. ते उठले आणि म्हणाले, "आज घरोघरी काय चित्र आहे मायबापहो? आईबाप वृद्धाश्रमात आणि कुत्रं सोफ्यावर! पण ह्या माउलीचं भाग्य बघा. शेवटचा श्वास लेकाच्या मांडीवर! आणि सून? अहो, सून नाही, लेक आहे ती!" सगळ्या बायकांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय. मला ओरडायचं होतं… मांडी कुणाची, श्वास कुठला! आणि अभद्र काय होतं हो त्या कॉलनीत, की तिचं नाव शिवीसारखं माइकवरनं घ्यावं? तिथं माझी सासू हसली, भांडली, तिनं वाटाणे सोलले, तिला मैत्रिणी मिळाल्या. कुलूप तर आमच्या घराला होतं! पण मी ओरडले नाही. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, "काईच इच्छा राहिली न्हवती बघा म्हातारीची." मला त्या कावळ्याचासुद्धा राग आला.

दोनेक आठवड्यांनी मी एकटीच संकुलात खोली आवरायला गेले. व्यवस्थापक म्हणाले, "सावकाश आवरा मॅडम, पण शनिवारच्या आत. पुढचे ज्येष्ठ येणार आहेत." मी साड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा निर्मलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यभर बारामतीच्या शाळेत मराठी शिकवलं आहे, बोलणं छापल्यासारखं. आत आल्या नाहीत.

"दहावा झाला का?"

"झाला."

"आम्हाला कळवलं असतं तर आलो असतो. आम्ही गाडीही विचारून ठेवली होती."

मी काहीतरी पुटपुटले, गर्दी, घाई वगैरे. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "आमच्यातलं कुणी गेलं की मागच्या फाटकानं नेतात. आमच्या मनाला त्रास नको म्हणून. अहो, आम्ही काय लहान मुलं आहोत? आम्हाला माहीत नाही का माणूस मरतं ते? त्रास कशाचा होतो माहितेय? कचऱ्यासारखं नेतात, त्याचा. तीन वर्षं शेजारी राहिले मी तिच्या. दोन थेंब पाणी घालू दिलं नाही तुम्ही."

मी खाटेवर बसले. कितीतरी वर्षांनी मी कुणाला तरी खरं उत्तर दिलं. म्हणाले, "दार मी लावलं होतं."

"मी पाहिलं," त्या म्हणाल्या. मग आत येऊन, "तिचं गाव दाखवाल का? पानमळा बघायचाय. रोज ऐकलंय त्याच्याबद्दल."

घरी येऊन विलासना सांगितलं की रविवारी निर्मलाताई आणि सुलभाताईंना घेऊन मी निमगावला जाते आहे. त्यांनी ताट सरकवलं. "तू काय करतेयस, तुला कळतंय का? गावात काय सांगशील, कोण ह्या?"

"आत्यांच्या शेजारणी."

"आणि मी? माझं काय राहील गावात?"

मला त्या क्षणी त्यांची दया आली, खोटं नाही सांगत. पण म्हणाले, "तुमचं मी तीन वर्षं सांभाळलं. आता आत्यांचं बघते." ते आले नाहीत. पण गाडीची किल्ली त्यांनी रविवारी सकाळी टेबलावर काढून ठेवली होती.

गावात शिरलो ते भर दिवसा, चौकातून. मळ्याच्या कडेला दोघी बायका हात जोडून उभ्या राहिल्या. निर्मलाताईंनी बरोबर आणलेलं पाणी मातीवर सोडलं. सुलभाताई म्हणाल्या, "लांबून आलोय गं, अमेरिकेहून," आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. आम्ही घराकडं वळलो तर ओट्यावर नानी बसलेल्या. नानी म्हणजे आत्यांच्या धाकट्या जाऊ, शेजारच्या घरातच राहतात. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "कोन गं पावनी?"

मी म्हणाले, "नानी, ह्या आत्यांच्या शेजारणी. बारामतीबाहेर म्हाताऱ्या माणसांची वसाहत आहे, तिथल्या. आत्या तीन वर्षं तिथंच होत्या. गेल्या त्याही तिथंच. आमच्या घरी नाही."

नानींनी मान हलवली. "ठाव हाय की."

"काय?"

"समद्यांस्नी ठाव हाय. आपल्या गावचा भाजीवाला न्हाय का, त्याची जीप जाती तितं. पैल्याच म्हैन्यात त्यानं बघितली तिला वसरीत बसल्याली. ती त्याला म्हनली, मला बघितलं म्हनू नगं, माझ्या लेकाला वाईट वाटंल. पन गावात काय ऱ्हातंय व्हय झाकून?"

"मग का आला नाहीत, नानी? एकदा तरी?"

"कसं यायचं?" नानींचा आवाज चढला. "तुमी म्हनताय घरात हाय. आमी तितं गेलो असतो म्हंजे तुमचं खोटं उघडं पडलं असतं. तुमची इज्जत गेली असती. असं कुनाच्या दारात जाऊन उघडं पाडायचं असतंय व्हय?"

"आणि दहाव्याला ते भाषण? त्यांनाही माहीत होतं?"

"त्याला बी ठाव. मयताच्या दारात कोन खरं बोलतंय?"

म्हणजे माझी सासू जिन्यावरून वर नेली, खाली आणली, मैत्रिणींपासून पळवली, ती कशासाठी? फसलं कुणीच नव्हतं! आम्ही गावाची लाज राखत होतो आणि गाव आमची. सगळे सगळ्यांना जपत होते. आणि जी बाई कुणाचंही दुखणं ऐकलं की पदर सावरून निघायची, तिच्याकडं एवढ्या मोठ्या गावातून एक माणूस गेलं नाही. वैरी असते तर एखादा तरी भांडायला म्हणून गेला असता. मी नानींवर चिडले, तिथंच, ओट्यावर. काय बोलले ते सगळं आठवत नाही. नानीही सोडणाऱ्यातल्या नाहीत. "मला काय बोलतीस? आधी खोटं कुनी सांगितलं?" म्हणाल्या. बरोबर होतं. निर्मलाताईंनी दोघींना थांबवलं. नानींना म्हणाल्या, "ती दर रविवारी केस विंचरून फाटकाजवळच्या बाकावर बसायची. आम्ही म्हणायचो, कुणाची वाट बघतेस? तर म्हणायची, गाड्या बघते."

नानींनी पदरानं ओट्याची जागा पुसली आणि दोघींना बसायला खुणावलं. चहा झाला. मग नानींनी हळूच विचारलं, "काय करायची वो आमची हौसाबाय तितं? दिसभर?"

आणि निर्मलाताई सांगायला लागल्या. मला वाटत होतं, मला माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या ओळीत एक गृहस्थ रात्री गेले होते आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून आत्यांनी रोज सकाळी उठून ओळीतलं एकेक दार वाजवायचं काम अंगावर घेतलं. काठीनं दार वाजवायचं आणि विचारायचं, "हाय का गं?" आतून "हाय" आलं की पुढचं दार. पुरुषांच्या दारालाही "गं"च, त्यात फरक नाही. "आणि त्या सकाळी," निर्मलाताई म्हणाल्या, "माझं दार वाजलं नाही. मी जागीच होते. वाटलं, विसरली असेल. मग पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला, त्याच्या पलीकडचं… आम्ही सगळ्या बाहेर आलो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तिच्या खोलीकडं चालत गेलो." व्यवस्थापकांनी फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं. आम्ही तरी कुठं विचारलं होतं?

विलास अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. हे छापून आल्यावर काय होईल, ते होईल. मी आता रविवारी सकाळी लवकर संकुलात जाते, पुढच्या फाटकानं. दारं वाजवायचं काम निर्मलाताईंनी घेतलंय. पहिल्या दिवशी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं "आहात का?" असं विचारलं, तर एकीनंही ओ दिली नाही, असं त्या सांगतात. तेव्हापासून त्या आत्यांसारखंच विचारतात. गेल्या रविवारी मी त्यांच्या मागून चालत होते. "हाय का गं?" "हाय." "हाय का गं?" "हाय हाय, जा पुढं." आत्यांच्या खोलीत आता आमच्याच तालुक्यातल्या बावडा गावच्या एक बाई आल्या आहेत. मुलानं आदल्याच दिवशी आणून सोडलंय. गावात त्यानं काय सांगितलंय, कोण जाणे. निर्मलाताईंनी दार वाजवलं. "हाय का गं?" आतून काही आलं नाही. त्या पुढच्या दाराला गेल्या नाहीत, तिथंच थांबल्या. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळानं आतून, खात्री नसल्यासारखा, बारीक आवाज आला… "हाय."